उडवीत गेलेली तिसरी गोळी

मित्रांनो, मी एक जुनी बंदूक आहे. दचकू नका. माझ्यातून निघते ती निळ्या फोमची गोळी, तुमच्या मधल्या बोटाएवढी लांब आणि पुढे रबराचं मऊ टोक असलेली. ती लागली तर फार तर "आई गं" म्हणावं लागतं, आणि तेही नाटक म्हणून. माझं अंग निळं, तोंड नारिंगी आणि पोटाखाली एक दांडी. दांडी मागे ओढली की माझी स्प्रिंग आवळते, खटका दाबला की ती सुटते, हवा पुढे ढकलते आणि गोळी निघते. एका वेळी एकच गोळी. दुसरी हवी तर पुन्हा भरा, पुन्हा ओढा. इतकं साधं माझं काम आहे.

स्वभाव मात्र साधा नाही. मी जन्माची काळजीखोर. कुणी मला भरून ठेवलं आणि जेवायला निघून गेलं की माझा जीव टांगणीला लागतो. कुणाचा धक्का लागेल का, समोरून एखादं रांगतं मूल येईल का, हेच मनात घोळत राहतं. गोळी सुटली आणि भिंतीवर टप्पकन आपटून खाली पडली की कुठे मला हायसं वाटतं. गोळी कुठे पडली हे पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माझी हीच सवय पुढे मला फार महागात पडली.

माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. कुठल्या गावी ते सांगता येणार नाही, कारण मला जग दिसायला लागलं तेव्हा मी खोक्यात बंद होते. पुढे कर्जत स्टेशनाजवळच्या एका दुकानात मी बरेच दिवस टांगलेली होते. माथेरानला निघालेल्या एका कुटुंबानं रडणाऱ्या मुलाला गप्प करायला मला विकत घेतलं. वर गेल्यावर घोडे बुजतील म्हणून मला पिशवीतून बाहेरच काढलं नाही. परतताना ते कडावजवळच्या एका फार्महाउसवर उतरले आणि मी तिथल्या पलंगाखाली राहून गेले. मला न्यायला कुणी परत आलं नाही. फार्महाउसची राखण करणाऱ्या लडकूनं झाडताना मला बाहेर काढलं, फडक्यानं पुसलं आणि दूध घालायला आलेल्या हर्षलाच्या हातात दिलं. "घे, तुझ्या पोरीला व्हईल," तो म्हणाला.

ती पोर म्हणजे समीक्षा. तेव्हा आठ वर्षांची होती, आता अकराची आहे. तिचे बाबा रूपेश माथेरानच्या एका हॉटेलात कामाला असतात आणि आठवड्यातून एकदाच घरी येतात. कडावच्या घरी समीक्षा, तिची आई हर्षला आणि गोठ्यातली म्हैस टिकली, एवढाच गोतावळा. कपाळावर रुपयाएवढा पांढरा ठिपका, म्हणून ती टिकली.

ती तीन वर्षं माझी सोन्याची होती. अंगणात जवळा, म्हणजे बारीक कोळंबी, वाळत घातला की कावळे जमायचे. समीक्षा मला घेऊन ओट्यावर बसायची. एकाही कावळ्याला आम्ही कधी गोळी मारली नाही. शेजारी पत्र्याची बादली ठेवलेली असायची, तिच्यावर गोळी मारायची. ठण्ण आवाज झाला की कावळे पसार व्हायचे. "माझ्या पोरीचा नेम बगा," असं हर्षला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, आणि मी फुशारून जायचे. नेम समीक्षाचा होता हे खरं, पण थोडा माझाही होता, नाही का? खेळून झालं की समीक्षा गोळ्या मोजून डब्यात ठेवायची आणि मला पडवीतल्या फळीवर. तिथून मला अंगण, पेंढ्याची उडवी आणि गोठ्याच्या दारातून आतली गव्हाण, तिन्ही दिसायचं.

मग आला साईनाथ.

साईनाथ म्हणजे समीक्षाचा आतेभाऊ, लोधिवलीचा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. वालाच्या शेंगा भरल्या होत्या, म्हणून पोपटी लावायला, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायला, आत्या त्याला घेऊन रविवारी कडावला आली. मडकं, शेंगा, भांबुर्डीचा पाला अशी मोठ्यांची जमवाजमव चालली होती. साईनाथनं पिशवीतून आपली बंदूक काढली आणि माझ्या छातीत धस्स झालं. ती काळी-पिवळी, माझ्या दुप्पट लांब आणि बॅटरीवर चालणारी होती. तिच्या आत दोन चाकं गरगर फिरत आणि गोळीला चिमटीत धरून बाहेर भिरकावत. खाली एक लांब डबी, तिच्यात बारा गोळ्या.

"ही काय गं समे? पाळण्यातली हाय का?" मला बोटानं टिचकी मारत साईनाथ म्हणाला. "माझी बघ. एका दमात बारा."

"दमात काय सांगतोस दादा, नेमात सांग," समीक्षा म्हणाली.

तेवढ्यात शेजारचा कान्हा त्याची बंदूक घेऊन आला. समीक्षाच्याच वर्गातला. त्याच्या बंदुकीला सहा भोकांचं फिरणारं चाक होतं, दरवेळी कट्ट करून पुढे सरकणारं. दहिवलीच्या जत्रेतली, असं तो अभिमानानं सांगायचा. चाक मधेच अडकायचं, पण ते मात्र तो सांगायचा नाही.

"लावा तिघींची शर्यत," कान्हा म्हणाला.

समीक्षा पडली सगळं वहीत मांडणारी. तिनं लगेच शाळेची जुनी वही आणली आणि रकाने आखले. लांब किती जाते, नेम किती लागतो, भरायला किती वेळ लागतो. मित्रांनो, माझी ही पहिली परीक्षा होती आणि माझं अवसान गळालं होतं. दुकानात टांगलेली असताना कुणी मला दुसरीच्या शेजारी धरून पाहिलंय, पण रकान्यात कुणी मांडलं नव्हतं.

गोळ्या मारायच्या कुठे, हा प्रश्न आला. भिंतीवर मारल्या की उसळून गटारात जात. परसात मारल्या की वांग्यांच्या वाफ्यात हरवत. तेव्हा समीक्षानंच सुचवलं की उडवीच्या दिशेनं मारू. भात झोडून उरलेला पेंढा रचून घराशेजारी जो उंच ढीग करतात, ती उडवी. पेंढ्यात गोळी शिरली की तिथंच थांबते, उसळत नाही, टोकही फाटत नाही. शेतकऱ्याच्या घरच्या पोराला इतकी सोयीची भिंत दुसरी कुठे मिळणार? तिघांनाही ते एकदम पटलं. ओट्यावरून हर्षलानंही पाहिलं आणि अडवलं नाही.

निकाल असा लागला. दहा पावलांवरून डबा पाडायचा होता, तेव्हा दहापैकी मी सात वेळा पाडला, कान्हाच्या बंदुकीनं पाच वेळा आणि साईनाथच्या बंदुकीनं चार वेळा. तिच्या गोळ्या खूप, पण चार दिशांना चार जात. भरायला तिची डबी सगळ्यात सोपी, पण बॅटऱ्या उतरल्या की ती नुसती घरघर करत बसे. कान्हाची बंदूक दोनदा अडकली. आणि लांबी? तिथं माझी फजिती झाली. साईनाथची पंचवीस पावलं, कान्हाची सोळा, माझी चौदा. माझी स्प्रिंग तीन वर्षांत सैल पडली होती, हे मला आधीच कळलं होतं. आता ते सगळ्यांना कळलं.

"लांब जात नाय ती बंदूक कसली?" साईनाथ म्हणाला. "आनि नेमाचं तूच लिवलंस. वही तुझी, निकाल बी तुझाच."

समीक्षाचे कान लाल झाले. "मी खोटं लिवलं असं म्हनतोस?"

"मी काय नाय म्हनत. मी पुढच्या रविवारी परत येतो. फकस्त लांबी मोजू. पंचवीस पावलांवरनं उडवीला पोचली तर मानली तुला."

तो आठवडा समीक्षानं माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहिलं. ती मला उचलायची, दांडी ओढायची, मोजायची आणि उसासा टाकून ठेवून द्यायची. तिला माझी लाज वाटायला लागली आहे असं माझ्या मनानं घेतलं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊकच आहे. टाकून देईल का, कुणाला देऊन टाकेल का, पुन्हा एखाद्या पलंगाखाली जाऊ का, असं मी मनात घोळवत बसले. आणि त्या भीतीपायी, मित्रांनो, शनिवारी दुपारी जे झालं ते पाहून मला वाईट वाटायच्या आधी आनंद झाला. हे मी तुमच्यापासून लपवणार नाही.

शनिवारी दुपारी हर्षला पापड लाटायला शेजारी गेली होती. समीक्षानं बाबांच्या हत्यारांच्या डब्यातून फोटोच्या चौकटीला मारतात तसले बारीक खिळे काढले. गोळीचं रबरी टोक अलगद उचललं, फोममध्ये खिळा आडवा न घालता सरळ रोवला आणि टोक वरून पुन्हा चिकटवलं. बाहेरून काही दिसत नव्हतं. अशा तीन गोळ्या केल्या. हलकी गोळी वाऱ्यावर डुलते, जड गोळी सरळ जाते, हे तिला तीन वर्षांच्या खेळातून कळलं होतं. परसात तिनं एक मारून पाहिली. गोळी वांग्यांच्या वाफ्यावरून गेली, कुंपणही ओलांडून गेली. समीक्षानं पावलं मोजत जाऊन ती परत आणली. सव्वीस! तिनं मला छातीशी धरलं.

खिळा माझ्यातून जाताना कसा लागतो ते मला जाणवलं होतं. मऊ गोळी हुंकार दिल्यासारखी जाते. ही जाताना आतून खरवडून गेली. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. पण त्या क्षणी मी जिंकणार होते ना.

रविवारी सकाळी साईनाथ आला, कान्हा आला. उडवीपासून पंचवीस पावलांवर रेघ मारली. साईनाथच्या बाराही गोळ्या सुटल्या, काही उडवीला टेकून खाली पडल्या, काही वरच्या अंगाला पेंढ्यात गेल्या. कान्हाच्या अर्ध्या वाटेतच लोळल्या. मग समीक्षानं मला उचललं. पहिली गोळी गेली, थप्प करून पेंढ्यात रुतली. दुसरी तिच्याच खाली. तिसरीच्या वेळी तिचा हात जरा वर उचलला गेला. ती गोळी कुठे गेली ते मी नीट पाहिलं. गोठ्याच्या बाजूला, माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीवर, दोन भाऱ्यांच्या फटीत. शेपूटसुद्धा बाहेर राहिलं नाही.

"आयला, मानली!" साईनाथ मोठ्यानं म्हणाला. मनानं तो वाईट नव्हता.

कान्हा गोळ्या गोळा करायला धावला तशी समीक्षा किंचाळली, "थांबा! माझ्या गोळ्या मीच काढनार!" तिनं पहिल्या दोन ओढून काढल्या आणि मुठीत लपवल्या. तिसरी शोधली. हात कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत. काही लागलं नाही.

"र्‍हाऊ दे गं, एक गोळी तर हाय," साईनाथ म्हणाला. "ही घे माझी." आणि त्यानं स्वतःची एक साधी मऊ गोळी तिच्या हातावर ठेवली. समीक्षानं ती घेतली.

ते गेल्यावर ती बराच वेळ उडवीसमोर उभी होती. दोन वर्षांपूर्वी खालच्या आळीतल्या येसाजींची गाय पेंढ्यातून आलेली तार खाऊन मेली होती. समीक्षानं ती पाहिली होती. टिकली तर आठ महिन्यांची गाभण. आईला आत्ताच्या आत्ता सांगितलं तर खेळातली लबाडी कळणार, साईनाथला कळणार, कान्हामार्फत सगळ्या वर्गाला कळणार. तिनं ठरवलं, आपणच शोधू. मी फळीवरून ओरडायचा प्रयत्न करत होते, "गोठ्याच्या बाजूला! खांद्याएवढ्या उंचीवर!" पण माझ्या ओरडण्याला आवाज नाही.

सोमवारी सकाळी हर्षला पेंढा काढायला निघाली तर समीक्षा आधीच उठून उडवीशी उभी.

"आई, टिकलीला मी घालते पेंढा. आजपासनं रोज मीच घालनार."

"काय गं, सूर्य कुटं उगवला आज?" हर्षला हसली. "घाल बाई. माजी कंबर तरी वाचंल."

समीक्षा एकेक पेंढी सोडायची, काडी काडी बोटांनी चाळायची आणि मग टिकलीपुढे टाकायची. पण दहा वाजले की शाळा. दुपारचा पेंढा हर्षलाच घालायची, गोठ्याच्या बाजूनंच, कारण तीच बाजू जवळची. मी फळीवरून पाहत होते. सोमवारी दुपारी ती कमरेच्या उंचीवरून भारा ओढत होती. मंगळवारी दुपारी त्याच्या वरचा. मंगळवारी ओढलेल्या भाऱ्यात माझी गोळी होती का? माझ्या डोळ्यांसमोर तो भारा टिकलीच्या गव्हाणीत पडला. टिकलीनं जीभ फिरवून मोठाले घास आत ओढले. मी तिच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं, पण पिवळ्या पेंढ्यात निळं काही दिसलं की नाही हे आजही मला छातीठोक सांगता येणार नाही.

बुधवारी संध्याकाळी टिकलीनं पेंढ्याकडे तोंड फिरवलं. पाठ कमानीसारखी वर काढून ती उभी राहिली. रवंथ बंद. हर्षलानं ओवा, हिंग, गूळ घातला. उपयोग झाला नाही. "नजर लागली मेल्यांची," म्हणत तिनं मीठमोहऱ्या ओवाळल्या. समीक्षा दारात उभी राहून नखं कुरतडत होती.

गुरुवारी सकाळी तिनं पोट दुखतंय म्हणून शाळा बुडवली. दहाच्या सुमारास कर्जतहून जनावरांचे डॉक्टर हेमचंद्र आले. शांत माणूस. त्यांनी टिकलीचं पोट दाबून पाहिलं, कानाला नळी लावून ऐकलं. मग विचारलं, "हर्षलाताई, पेंढ्यातून काही तार, खिळा, टाचणी वगैरे गेलं असेल का पोटात?"

"नाय हो डॉक्टर," हर्षला ठामपणे म्हणाली. "लोखंड कुटनं येनार? आमच्या हातचा पेंढा हाय. मी सोता रचलाय, सोता चाळून घालते. आनि चार दिस तर माजी पोरगी काडी काडी बगून घालते. एवढी काळजी घेते ती टिकलीची."

"मग अजीर्ण धरू," डॉक्टर म्हणाले. "जुलाबाचं औषध देतो. आणि तिला जरा फिरवा. बांधापर्यंत न्या, आणा. गाभण आहे, हळू न्या."

हर्षलानं दावं सोडायला हात घातला.

समीक्षा धावत पडवीत आली. फळीवरून तिनं मला ओढलं, डबा घेतला, वही घेतली आणि तशीच गोठ्यात गेली.

"आई, नको सोडू तिला. हाय लोखंड. मीच घातलंय."

"काय बोलतेस?"

समीक्षानं डब्यातली एक गोळी काढली, टोक उपटलं आणि खिळा आईच्या तळहातावर ठेवला.

हर्षलानं खिळा बोटांत उलटापालटा केला. मग तिनं विचारलं, "किती?"

"तीन. दोन गावल्या."

"कवा?"

"रविवारी."

"आज गुरुवार हाय, समे," एवढंच हर्षला म्हणाली आणि गव्हाणीच्या कडेवर खाली बसली.

डॉक्टर पुन्हा टिकलीजवळ गेले. त्यांनी तिच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून दाबली. निरोगी जनावर अशा वेळी पाठ खाली वाकवतं. टिकली वाकली नाही. ती कण्हली. तो आवाज मी विसरू शकत नाही.

"जुलाबाचं औषध द्यायचं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि चालवायचं तर मुळीच नाही. एक पाऊलही नाही." मग ते समीक्षाकडे वळले. आवाज चढवला नाही. "म्हैस आधी गिळते आणि मग निवांत रवंथ करते. जड वस्तू पोटाच्या पुढच्या कप्प्यात जाऊन बसते. त्या कप्प्यापासून चार बोटांवर तिचं हृदय आहे. ती चालली असती तर खिळा पुढे सरकला असता. बरं झालं बोललीस. पण रविवारी बोलली असतीस तर मला इथं यावंच लागलं नसतं."

त्यांनी बोटाएवढं एक लोहचुंबक टिकलीच्या घशातून आत सोडलं. आत खिळा असेल तर त्याला चिकटेल आणि इकडेतिकडे टोचणार नाही. इंजेक्शनं दिली. पुढचे पाय उंचावर राहतील असा माती आणि फळ्यांचा चौथरा करायला सांगितलं, म्हणजे आतली वस्तू मागे सरकेल.

खिळा पोटात गेला की अजून उडवीतच आहे, हे मात्र कुणालाच माहीत नव्हतं. म्हणून उडवी उकलायची ठरली. दुपारी आळी जमली. कान्हाची आजी गोदूबाई पदर खोचून पुढे बसली. कान्हानं खाली चादरी अंथरल्या. भारा सोडायचा, मूठ मूठ झटकायची, चादरीवर काय पडतं ते बघायचं आणि पलीकडे नवी उडवी रचायची. संध्याकाळ होईस्तोवर अख्खी उडवी हातांखालून गेली. साईनाथच्या अकरा गोळ्या निघाल्या. कान्हाच्या दोन. माझी तिसरी काही निघाली नाही.

"ह्या अकरा कुनाच्या?" गोदूबाईंनी विचारलं.

समीक्षानं साईनाथला फोन लावला. पलीकडून त्याचा बारीक झालेला आवाज आला, "माझ्या असतील. किती आनल्या नि किती न्येल्या ते मी मोजलंच नव्हतं गं."

त्या अकरांत खिळा नव्हता, पण त्यासुद्धा टिकलीच्याच गव्हाणीच्या वाटेवर होत्या. तीन बंदुकांची तुलना झाली, लांबी मोजली, नेम मोजला, पण उडवीत गेलेल्या गोळ्या कुणी मोजल्या नव्हत्या.

त्या संध्याकाळी समीक्षा चौथऱ्यापाशी बसली होती. "आई, मला वाटलं तू मारशील," ती म्हणाली.

"मारलं असतं तर खिळा भायेर आला असता?" हर्षला म्हणाली. मग तिनं लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. त्या हातानं समीक्षाचा बांध फुटला आणि ती हुंदके देऊन रडली.

चार दिवस टिकली तशीच उभी होती. पाचव्या दिवशी तिनं हिरवा चारा हुंगला, दोन घास खाल्ले. सहाव्या दिवशी तिनं रवंथ केला. हर्षलानं माथेरानला रूपेशला फोन करून फक्त एवढंच सांगितलं, "टिकली रवंथ करतीय हो."

मला समीक्षानं भंगारात द्यायला काढलं होतं. माझी तिच्यावर तक्रार नव्हती. पण हर्षलानं तिला अडवलं. "तिनं काय केलं? तिच्यात जे घातलं ते तिनं सोडलं. लटकव तिथं गोठ्यात. रोज दिसू दे." म्हणून आता मी गोठ्याच्या मेढीला, मधल्या खांबाला, सुतळीनं बांधलेली असते. आता कुणी मला ओढत नाही. माझ्यावर धूळ बसते, कोळी जाळं विणतो, स्प्रिंगला गंज चढू लागला आहे. पूर्वी मला याचंच भय वाटायचं. आता त्याचं फारसं काही वाटत नाही.

महिन्यानंतर डॉक्टर पुन्हा आले. खिशातून एक छोटं होकायंत्र काढून त्यांनी ते टिकलीच्या छातीजवळ धरलं. सुई थरथरली आणि सर्रकन टिकलीकडे वळली. "चुंबक जागेवर आहे," ते म्हणाले.

"आनि खिळा? तो चिकटला असंल का त्याला?" समीक्षानं विचारलं.

"ते मला बाहेरून सांगता येत नाही. कदाचित चिकटला असेल. कदाचित तो तिच्या पोटात गेलाच नसेल, त्या दिवशी तिला दुसरंच काही झालं असेल. ती खाते, रवंथ करते, एवढंच आपल्याला दिसतं. आता व्यायचे दिवस जवळ आलेत. पोटातलं रेडकू जड झालंय, आत खिळा असेल तर ते त्याला पुढे ढकलू शकतं. नीट लक्ष ठेव."

मित्रांनो, तुमच्याकडे माझ्यासारखी बंदूक असेल, नाहीतर साईनाथसारखी किंवा कान्हासारखी असेल. कुणाची लांब जाते हे जरूर मोजा. पण जिथं जनावर खातं, जिथं लहान मूल रांगतं, तिथं गोळी मारू नका. जितक्या सुटल्या तितक्या मोजून परत आणा. माझ्या पोटात मऊ गोळीच घाला, मी तेवढ्यासाठीच बनले आहे. आणि एखादी सापडली नाही तर त्याच संध्याकाळी मोठ्यांना सांगा. मला गोळी गेली ती फट माहीत होती, पण बोलता येत नव्हतं. समीक्षाला बोलता येत होतं. रविवारी संध्याकाळी ती चार शब्द बोलली असती तर टिकलीपुढे पेंढा पडायच्या आधीच उडवी उकलली असती, आणि ती फट मिळालीही असती.

आता रोज पहाट सरली की समीक्षा गोठ्यात येते. आईच्या आधी येते. टिकलीच्या समोर उकिडवी बसते आणि तिच्या जबड्याकडे बघत राहते. टिकली कधी लगेच रवंथ सुरू करते, कधी बराच वेळ नुसतीच उभी असते. तेवढा वेळ समीक्षा हलत नाही, आणि मेढीवर मीही श्वास रोखून असते. मग टिकलीचा जबडा एकदा डावीकडे फिरतो, एकदा उजवीकडे. समीक्षा उठते, पाण्याची बादली उचलते आणि शाळेच्या तयारीला लागते. आम्हा दोघींना मिळतो तो एवढ्याच दिवसापुरता दिलासा.